शिट्टीच्या आधी आणि नंतर: महाविद्यालयीन खेळाडूंच्या प्रशिक्षकापुढचे प्रश्न

जुलै-ऑगस्ट उजाडला की महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या जिमखान्यात चेंडूंपेक्षा कागद जास्त दिसतात. टेबलावर एलिजिबिलिटी फॉर्मचा गठ्ठा असतो. प्रत्येक फॉर्मला जन्मतारखेचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, यंदाच्या प्रवेशाची पावती आणि फोटो लागतो. मध्ये एखादं वर्ष शिक्षण सुटलं असेल तर गॅप सर्टिफिकेट, दुसऱ्या विद्यापीठातून मुलगा आला असेल तर मायग्रेशन. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटला पाहिजे. त्याखाली प्राचार्यांची सही. दहावीच्या कागदावर ‘दिपक’ आणि बारावीच्या कागदावर ‘दीपक’ असलं, तर तेवढ्यावरूनही वाद उभा राहतो, कारण हरलेला संघ प्रोटेस्ट करायला मोकळा असतो. शेवटच्या तारखेआधी हे सगळं जुळवणारा माणूस तोच, जो पहाटे सहाला मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो.

महाविद्यालयीन खेळाबद्दल आपण बोलतो तेव्हा पदकं, संघनिवड आणि मैदानांची दुरवस्था यांवर बोलतो. प्रशिक्षकाचा निम्म्याहून अधिक जीव जिथे खर्ची पडतो, त्या मैदानाबाहेरच्या कामाची मात्र कुठेच नोंद होत नाही. मुलाची हजेरी, त्याचं जेवण, प्रवास, घरच्यांची परवानगी, औषधं, दुखापत, मन आणि पुढची नोकरी, या सगळ्यांवर खेळाडू टिकणार की गळणार हे ठरतं. आज हे काम सरांच्या किंवा मॅडमच्या भलेपणावर चाललं आहे. ते संस्थेचं काम आहे हे मान्य होत नाही, तोवर आपले खेळाडू याच वयात गळत राहतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक माणूस, दहा खेळ

बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचं पद एकच असतं. ते रिकामं असलं तर कुणीतरी तासिका तत्त्वावर काम पाहतो. कबड्डी, खो-खो, कुस्ती, अ‍ॅथलेटिक्स, बुद्धिबळ, क्रिकेट, मुलांचे आणि मुलींचे संघ, सगळं त्या एकाच माणसाकडे. त्यातल्या एखाद-दुसऱ्या खेळात तो स्वतः तयार झालेला असतो, उरलेल्या खेळांत व्यवस्थापक. कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असेल तर अकरावी-बारावीची मुलंही त्याच्याच नजरेखाली येतात.

स्पर्धांची उतरंड लांबलचक आहे. आधी महाविद्यालयाचा संघ, मग विभागीय स्पर्धा, आंतरविभागीय स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागाच्या आणि अखिल भारतीय स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव वेगळा आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आल्या. खेळाडूच्या दृष्टीने ही मोठी संधी आहे. प्रशिक्षकाच्या दृष्टीने प्रत्येक पायरीवर नवे फॉर्म, नवा प्रवास, नवी हजेरी आणि नवा हिशेब आहे.

मस्टर आणि परीक्षा

विद्यापीठाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे. विद्यापीठाच्या शिबिरात आणि स्पर्धेत महिनाभर गेलेल्या मुलाची ती भरणं अवघडच. त्यात सत्र पद्धत आल्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल अशा दोन परीक्षा, शिवाय अंतर्गत चाचण्या, प्रॅक्टिकल आणि जर्नल. आंतरविद्यापीठ स्पर्धाही नेमक्या याच काळात येतात.

खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांच्या तारखा पाहिल्या की अडचण लगेच लक्षात येते. पहिली स्पर्धा भुवनेश्वरला फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये झाली. पुढची बंगळुरूला एप्रिल-मे २०२२ मध्ये, तिसरी उत्तर प्रदेशात मे-जून २०२३ मध्ये, चौथी ईशान्य भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि पाचवी राजस्थानात नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये. महिना दरवेळी वेगळा. मग जूनमध्ये परीक्षांचं वेळापत्रक आखणाऱ्याने खेळाडूंची सोय कशी लावावी? अनेक विद्यापीठांत पुनर्परीक्षेची आणि सवलतीच्या गुणांची तरतूद आहे, पण ती मिळवण्यासाठी अर्ज, पत्र आणि प्रमाणपत्र घेऊन खेटे घालावे लागतात. विभागप्रमुखाला भेटून ‘मुलगा विद्यापीठाकडून खेळतोय, प्रॅक्टिकल नंतर घ्या’ असं सांगायला प्रशिक्षकच जातो. चांगले विभागप्रमुख ऐकतात. काही ठिकाणी त्याला वर्गाबाहेर उभं राहावं लागतं.

त्या मुलाचा अभ्यास बुडाला आहे, ही गोष्टही खरीच असते. प्रशिक्षकाने फक्त हजेरी मिळवून दिली आणि एटीकेटीचे विषय साचू दिले, तर खेळ संपल्यावर मुलाच्या हाती पदवीही राहत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून खेळाला श्रेयांक मिळू लागले आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण त्याने बुडलेला रसायनशास्त्राचा तास भरून निघत नाही. त्यासाठी शिकवणारी माणसंच लागतात.

ताट आणि तिकीट

हॉस्टेलवरच्या किंवा खोली करून राहणाऱ्या मुलाचं ताट एकदा नीट पाहावं. तीन चपात्या, पातळ वरण, बटाट्याची भाजी, भात. सकाळी चहा आणि पाव. सराव दोन वेळचा. कसून सराव करणाऱ्या खेळाडूला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ८४ ते १२० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७-८ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत २५ ग्रॅमच्या आसपास. हा हिशेब जमणारा आहे आणि त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. पण तो मुलाला समजावून सांगणं, मेसवाल्या मावशींना दोन अंडी जास्त द्यायला राजी करणं आणि त्याचे पैसे कुठून येतील ते पाहणं, यात प्रशिक्षकाचे नाकी नऊ येतात. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो. जो अजून तिथपर्यंत पोचला नाही, त्याला पोचेपर्यंत जगवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

प्रवासाचंही तेच. संघाची निवड उशिरा जाहीर होते, तोवर रेल्वेचं आरक्षण संपलेलं असतं. टीए-डीए ठरलेल्या दराने आणि बहुतेकदा परत आल्यावर, व्हाउचर जोडल्यानंतर मिळतो. तोवर पदरमोड सरांची. उतरायची सोय कशी असेल याचा भरवसा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरला कबड्डीपटू मुलींचं जेवण स्वच्छतागृहात ठेवल्याचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. त्या शालेय वयाच्या मुली होत्या, पण मुक्कामाच्या ठिकाणी आधी जाऊन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाहण्याची सवय प्रत्येक प्रशिक्षकाला का लागलेली असते, ते यावरून समजावं.

शिक्षकाच्या या पदरमोडीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्या महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्यांच्या थोरवीपुढे मान लवते. पण सत्तर वर्षांनंतरही खेळाडूच्या तिकिटासाठी शिक्षकाच्या खिशाला कात्री लागत असेल, तर त्या थोरवीतून आपण काहीच शिकलो नाही, असंच म्हणावं लागेल.

मुली, घर आणि सुरक्षितता

मुलीच्या खेळातला सर्वांत कठीण सामना अनेकदा तिच्या घरी होतो. बाहेरगावी मुक्काम, संध्याकाळचा सराव, हाफ पँट, उन्हाने रापणारा रंग, लग्नाचं वय, यांतलं काहीही कारण पुरतं. प्रशिक्षकाला आई-वडिलांसमोर बसून बोलावं लागतं. तिथे ‘तुमची मुलगी देशासाठी खेळेल’ या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. गाडी किती वाजता निघणार, सोबत कोण मॅडम आहेत, मुक्काम कुठे, रात्री फोन लागेल का, या प्रश्नांची नेमकी उत्तरं दिली की बाप नरमतो आणि आई हळूच ‘जाऊ दे तिला’ म्हणते. सोबत बाई असणं हा या सगळ्याचा गाभा आहे. जून २०२२ मध्ये एका सायकलपटूने परदेशातल्या शिबिरात प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, त्यानंतर महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक हवीच असा निर्देश भारतीय क्रीडा प्राधिकरणाने राष्ट्रीय महासंघांना दिला. महाविद्यालयांच्या संघांनाही तोच नियम काटेकोरपणे लागू झाला पाहिजे.

जानेवारी २०२३ मध्ये देशासाठी पदकं आणलेल्या कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, त्यानंतर देशातल्या ३० क्रीडा महासंघांपैकी सुमारे निम्म्यांत कायद्याच्या निकषांत बसणारी तक्रार समिती नाही, हे पुढे आलं. २०१३ च्या कायद्यानुसार महाविद्यालयात अंतर्गत समिती असते. पण जिमखान्यातल्या मुलीला त्या समितीवर कोण आहे, हे माहीत असतं का? समितीवरच्या सदस्यांची नावं आणि फोन जिमखान्याच्या दारावर लावायला पैसे लागत नाहीत. खेळाडू अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपसांत मिटवण्याचा अधिकार कुणालाच नाही. निर्मळ मनाने काम करणाऱ्या प्रशिक्षकालाही या नियमांचा आधारच मिळतो. बंद खोलीत एकट्या खेळाडूशी बोलायचं नाही, रात्रीचे निरोप सगळ्यांच्या गटावर टाकायचे, मसाज आणि तपासणी दुसऱ्या बाईसमोर करायची, हे शिस्तीचे भाग आहेत.

आरोग्याचा विषयही इथेच येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. धावताना लवकर दम लागणाऱ्या मुलीला ‘स्टॅमिना कमी आहे’ म्हणून जास्त पळवण्याआधी तिचं हिमोग्लोबिन पाहायला हवं. कमी खाऊन जास्त सराव केला तर पाळी थांबते आणि हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या स्थितीकडे जगाचं लक्ष वेधलं. तरीही तीन महिने पाळी आली नाही ही गोष्ट आपल्याकडची मुलगी सरांना सांगत नाही आणि सर विचारू शकत नाहीत. संघासोबत एक जाणती बाई असली की हे बोलणं सोपं होतं.

औषध आणि इंजेक्शन

२०२३ साली भारतीय खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या ३.८ टक्के नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडली. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणी पथक आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले, १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला आणि स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्या. हा रोग वरच्या पातळीपुरता नाही. पोलीस भरती आणि निवडचाचणीच्या आदल्या दिवशी इंजेक्शन घेणारी मुलं गावोगावच्या अकादम्यांत आहेत, हे मैदानावर वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरा धोका अजाणतेपणाचा आहे. साध्या खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी घातलेल्या द्रव्यांत मोडतं. शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की जबाबदारी खेळाडूची, ते कसं आलं याला नंतर महत्त्व. म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली गोळी, जिममधल्या मित्राने दिलेला पावडरचा डबा, यांतलं काहीही सरांना दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, ही सवय पहिल्या वर्षीच लागली पाहिजे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं ‘नो युवर मेडिसिन’ हे मोफत अ‍ॅप आहे, त्यावर औषधाचं नाव टाकून पाहता येतं. एका तासात शिकवता येणारी ही गोष्ट किती महाविद्यालयांत शिकवली जाते?

वजन, दुखापत, मन

कुस्ती आणि बॉक्सिंगमध्ये वजन उतरवण्याचा विषय जिवावर बेतणारा आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन घटवताना महिन्याभरात दगावले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि सौनावर बंदी आली, वजन लढतीच्या जवळ घेतलं जाऊ लागलं आणि प्रत्येकासाठी सुरक्षित किमान वजन ठरू लागलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरली, तेव्हा रात्रभर तिने काय सोसलं ते आपण वाचलं. आपल्या विद्यापीठ स्पर्धांतही मुलं आदल्या रात्री पाणी सोडतात आणि स्वेटर घालून पळतात. योग्य वजनगट महिनाभर आधी ठरवणं आणि हट्ट करणाऱ्या मुलाला वरच्या गटात खेळवणं, हे प्रशिक्षकाचं धैर्याचं काम आहे, कारण तिथे पदक जाण्याची शक्यता असते.

कबड्डी-खो-खोत गुडघ्याचा लिगामेंट तुटणं नेहमीचं. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात. तेवढे महिने फिजिओकडे कोण नेणार, खर्च कोण करणार? उत्तर नसल्यामुळे मुलगा गावच्या हाडवैद्याकडे जातो, किंवा पट्टा बांधून दोन महिन्यांत परत उतरतो आणि कायमचा बाद होतो. नऊ महिने संघाबाहेर बसलेल्या मुलाच्या मनात काय चालतं, तेही कुणी विचारत नाही. कालपर्यंत ज्याला सगळं कॉलेज ओळखत होतं, त्याला आज संघाच्या गटावरही निरोप येत नाहीत. अशा मुलाला स्कोअर लिहायला, लहान मुलांना शिकवायला, निदान रोज मैदानावर यायला लावणं हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. झोप उडणं, जेवण तुटणं, जगण्यातच रस नसल्याची भाषा ही लक्षणं दिसली तर मात्र प्रशिक्षकाने स्वतः डॉक्टर होऊ नये. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, तो लावून द्यावा आणि मुलासोबत बसून राहावं.

भरती, नोकरी, दाखला

ग्रामीण महाविद्यालयांच्या मैदानावर पहाटे पळणाऱ्या मुलांतली बरीचशी पदकासाठी नव्हे, भरतीसाठी पळतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. यात गैर काहीच नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, पाच महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि तिथेच धावपटू म्हणून घडला. स्टीपलचेसमध्ये त्याने आशियाई सुवर्ण मिळवलं. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला ब्राँझपदक जिंकला, तेव्हा तो मध्य रेल्वेच्या नोकरीत होता. आपल्या खेळाडूला खेळ आणि पोट एकाच वेळी सांभाळावं लागतं. म्हणून पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला रेल्वे, सैन्यदल, पोलीस, क्रीडा कोटा, बी.पी.एड. या वाटा वेळेवर सांगणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यामुळेच बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार मांडला गेला. न खेळलेल्याचं नाव संघाच्या यादीत घाला, अशी गळ घातली जाते, कधी ओळखीच्या माणसाकडून, कधी वरून. त्या क्षणी ‘नाही’ म्हणणारा प्रशिक्षक एका खऱ्या खेळाडूची नोकरी वाचवतो. संस्थेने त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. निवडीच्या कागदावर गुण, वेळ, अंतर आणि तीन जणांच्या सह्या असतील, तर दबाव आणणाऱ्याचं काम अवघड होतं.

आता काय करावं

अमेरिकेच्या विद्यापीठांत सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि आहार, अभ्यास, दुखापत, समुपदेशन यांसाठी वेगवेगळी माणसं नेमलेली असतात. तिथला पैसा आपल्याकडे नाही आणि तिथल्या खेळातल्या व्यापाराचे प्रश्नही आपल्याला नकोत. पण कामाची वाटणी मात्र आपल्याला परवडणारी आहे.

प्रत्येक महाविद्यालयाने खेळाडूंसाठी एक छोटी समिती नेमावी. त्यात एक प्राध्यापक अभ्यास आणि हजेरी पाहील, एक बाई मुलींच्या संघासोबत जाईल, कार्यालयातला एक कर्मचारी फॉर्म आणि व्हाउचर सांभाळेल. चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक फिजिओथेरपिस्ट आणि एक आहारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस बोलवावा. प्रवासखर्चाची उचल निघण्याआधी हातात पडावी. विद्यापीठाने खेळाडूंच्या पुनर्परीक्षेची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावी, म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतंत्र अर्ज घेऊन फिरावं लागणार नाही. आणि मैदानाबाहेरचे हे तास प्रशिक्षकाच्या कार्यभारात मोजले जावेत. जे काम मोजलं जात नाही, त्याला माणूस मिळत नाही आणि पैसाही मिळत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलगा कितवा आला, हे विचारण्याआधी तो काय खातो, कुठे झोपतो, त्याला काय दुखतं, हे त्याच्या सरांना विचारा. मुलीच्या संघासोबत कोण जाणार आहे, हेही विचारा. प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना तर माझं सांगणं एवढंच आहे: येत्या जूनमध्ये कार्यभाराचा तक्ता तयार होईल, तेव्हा त्यात जिमखान्याच्या या कामासाठी एक रकाना उघडा आणि त्यासमोर माणसांची नावं लिहा.